पानं भरपूर, फूल नाही: नाशिकच्या गच्चीवरची कार्डवेल लिली

प्रश्न: गंगापूर रोडला आमच्या गच्चीवर कार्डवेल लिलीची कुंडी आहे. दापोलीच्या मावशीने कंद दिले होते. दर पावसाळ्यात पानं अशी येतात की बघत राहावं, पण फूल अजून एकदाही नाही. दिवाळीच्या साफसफाईत मी सगळ्याच कुंड्यांची माती बदलते, हिचीही बदलते, यंदाही बदलली. पाणी बाकीच्या झाडांबरोबर ठिबकवर आहे. कोणीतरी सांगितलं, कंद महिनाभर फ्रिजमध्ये ठेवा म्हणजे फूल येतं. ठेवू का? नणंद ब्रिस्बेनला असते, ती जानेवारीत येतेय. तिच्याकडून नवे कंद मागवू का?

उत्तर:

ताई, आधी फ्रिजचं बोलू, कारण ते तुम्ही आजच करून बसाल. अजिबात ठेवू नका. तो सल्ला ट्यूलिप, हायसिंथ, डॅफोडिल यांच्यासाठी आहे. ते बर्फाच्या मुलखातले कंद. काही आठवडे गारठा खाल्ल्याशिवाय त्यांचा फुलदांडा नीट लांबत नाही, म्हणून उष्ण प्रदेशात हौशी माणसं त्यांना फ्रिजमध्ये थंडी दाखवतात. कार्डवेल लिलीने जन्मात बर्फ पाहिलेला नाही. चार-पाच अंशांवर महिनाभर ठेवलीत तर कंद आतून मऊ पडेल आणि बाहेर काढल्यावर कुजेल. शिवाय हा कंद दिसायला बराचसा कांद्यासारखा, आणि आपण लासलगावच्या जिल्ह्यातली माणसं, कांदा दिसला की हात आपोआप विळीकडे जातो. या कुळातल्या कंदांत लायकोरिनसारखी विषारी द्रव्यं (अल्कलॉइडं) असतात, पोटात गेली तर उलट्या-जुलाब होतात. कुंडीतून कंद कधी काढावे लागलेच तर स्वयंपाकघरात आणायचे नाहीत, आणि पिशवीवर नाव लिहायचं.

आता मूळ दुखणं. तुमचं झाड आजारी नाही. दर वर्षी पानं जोमात येतात म्हणजे कंद जिवंत आहे आणि मातीवर खूशही आहे. फक्त त्याला जेवायच्या वेळी ताटावरून उठवलं जातंय आणि झोपायच्या वेळी पाणी पाजलं जातंय. हे कसं, ते कळायला त्याचं घर माहीत हवं.

कार्डवेल हे ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्याच्या ईशान्य किनाऱ्यावरचं छोटं गाव, टाउन्सव्हिल आणि केर्न्स या शहरांच्या मधलं. विषुववृत्ताच्या दक्षिणेला साधारण १८ अंशांवर. नाशिक उत्तरेला २० अंशांवर. म्हणजे पृथ्वी मधोमध दुमडली तर दोन्ही गावं जवळजवळ एका रेषेत येतील. झाड फक्त ऑस्ट्रेलियाचं आहे असंही नाही. इंडोनेशिया, न्यू गिनी, फिलिपिन्स या सगळ्या पट्ट्यात ते रानात सापडतं. स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस याने १७५३ साली त्याला नाव दिलं ते इंडोनेशियातल्या अँबॉन बेटावरून. आजचं शास्त्रीय नाव प्रॉइफिस अँबॉइनेन्सिस. जुन्या पुस्तकांत आणि काही नर्सऱ्यांत अजून युरिक्लिस म्हणतात, तेही हेच.

ही झाडं पावसाळी जंगलांच्या कडेला, मोठ्या झाडांच्या सावलीत राहतात. तिकडे नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत मुख्य पाऊस आणि बाकीचे महिने बरेचसे कोरडे. पाऊस आला की कंद जागा होतो, पानं आणि फुलं येतात. पाऊस संपून जमीन सुकली की पानं झडतात आणि कंद जमिनीत पडून राहतो. फुलं तिकडे नाताळाच्या सुमारास येतात म्हणून काही लोक तिला ख्रिसमस लिली म्हणतात. आपल्याकडे तीच फुलं जून ते ऑगस्टमध्ये येणार. कंदाला महिना कळत नाही, ओल कळते.

तुम्ही पावसाळ्यात अंजनेरीला किंवा त्र्यंबकच्या बाजूला गेला असाल तर हा स्वभाव तुम्हाला नवा नाही. कळलावी, रानहळद, शेवळं, मुसळी, अंजनेरीची ती प्रसिद्ध कंदीलपुष्पं, ही सगळी मंडळी असंच जगतात. एप्रिल-मेमध्ये तिथे गेलात तर करपलेलं गवत आणि खडक, बाकी काही नाही. वळिवाचा एक चांगला सडाका झाला की जमिनीतून कोंब. त्यांना उन्हाळ्यात कोणी पाणी घालत नाही आणि दिवाळीत कोणी त्यांची माती बदलत नाही. कार्डवेल लिली याच पंगतीत बसवा. परदेशी नाजूक झाड म्हणून लाड करायला गेलात की ती रुसते.

फरक दोनच. एक, कार्डवेलला वर्षाला २,००० मिलिमीटरच्या वर पाऊस होतो, नाशिक शहरात ७०० च्या आसपास. म्हणून आपल्याकडे ऑगस्टमध्ये पावसाने आठ-दहा दिवस दडी मारली की कुंडीला आपण पाणी द्यायचं. दुसरा फरक जास्त महत्त्वाचा, तो थंडीचा. कार्डवेल समुद्राला लागून. हिवाळ्यातही तिथला पारा सहसा दहाच्या खाली उतरत नाही. आपण समुद्रसपाटीपासून जवळजवळ ६०० मीटर उंच. डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा एक आकडी होतो आणि निफाडला तर द्राक्षबागांत शेकोट्या पेटवायची वेळ येते. दापोलीत तुमच्या मावशीला ही अडचणच नाही. तिकडे हवेत ओलावा आणि थंडी बेताची, त्यामुळे काही पानं वर्षभर टिकतात. मावशीने सांगितलेली निगा म्हणूनच तुमच्या गच्चीवर जशीच्या तशी चालत नाही.

आता दिवाळी. तुमच्या प्रश्नातलं खरं उत्तर याच एका वाक्यात होतं.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ही पानं पूर्ण वाढलेली, रुंद, गर्द हिरवी असतात. पावसाची झड संपलेली, ऊन कोवळं, हवा अजून उबदार. कंद भरतो तो याच दिवसांत. पानं अन्न तयार करतात आणि ते खाली उतरतं. पुढच्या पावसाळ्यात फुलदांडा वर काढायला जी ताकद लागते ती इथे साठते. नेमक्या त्याच वेळी तुम्ही कुंडी उलटी करता, मुळं झटकता, जुनी माती टाकता, पानं आडवी पडतात म्हणून बहुधा ती कापताही. या कंदाची मुळं जाड आणि मांसल असतात, धाग्यासारखी नव्हेत. तुटली की त्या जागी नवी यायला पूर्ण हंगाम जातो. मग जूनमध्ये कंद आधी मुळं करणार, मग पानं करणार आणि फुलासाठी हातात काही उरणार नाही. पानं येतात आणि फूल येत नाही याचा दुसरा अर्थ शोधायची गरज नाही.

यंदाची माती बदलून झालीच आहे, त्याला आता इलाज नाही. पण यापुढे तीन वर्षं तरी या कुंडीला हात लावू नका. गेरू लावायचा असेल तर बाहेरून लावा, कुंडी सुंदर दिसेल आणि कंदाला काही कळणार नाही. ही जात कुंडीत दाटीवाटीने राहिली की जास्त फुलते. चार कंदांची पिल्लं होऊन कुंडी गच्च भरली, कडेला फुगवटा दिसू लागला, तरी घाई नको. प्लास्टिकची कुंडी चिरली की बदला, असं मी लोकांना गमतीने सांगतो, पण ते फारसं खोटं नाही. बदलायची वेळ येईल तेव्हा मे महिन्याचा शेवटचा आठवडा धरा. कंद झोपलेला असतो, जखमा दोन दिवसांत सुकतात आणि लगेच मृगाचा पाऊस मिळतो.

ठिबकचं म्हणाल तर गुलाब, जास्वंद, कढीपत्ता यांना जे वेळापत्रक चालतं ते हिला चालत नाही. या कुंडीचा ड्रिपर काढून नळीच्या छिद्राला बूच मारा. कायमचं. पाणी झारीने किंवा मगाने, स्वतःच्या हाताने द्यायचं, म्हणजे देताना कुंडीकडे बघणं होतं. पाणी किती, हे बोट सांगतं. जून ते ऑक्टोबर मातीत वाफसा सतत हवा. वरचा एक इंच सुकला की पाणी, पण चिखल नको. कुंडीखाली ताटली असेल तर पावसाळ्यात ती काढून टाका. नोव्हेंबरपासून दोन पाण्यांतलं अंतर वाढवत न्या. पानांच्या कडा पिवळ्या पडायला लागल्या की आणखी कमी. ही पिवळी पानं बघून पुष्कळ लोक घाबरतात, पाणी वाढवतात, वर खत टाकतात. तिथेच घोटाळा होतो. थंड माती, ओली माती आणि झोपेला आलेला कंद, हे तिन्ही एकत्र आले की कंदकूज ठरलेली. पान पूर्ण पिवळं होऊन देठापासून आपोआप सुटेपर्यंत त्याला कापायचं नाही. दिसायला वाईट दिसतं, खरं आहे. कुंडी चार हात मागे सरकवा.

डिसेंबरच्या मध्यापासून मार्चपर्यंत कुंडी भिंतीलगत, छपराखाली. नाशिकची अवकाळी तुम्हाला ठाऊक आहे. द्राक्षवाल्यांची झोप उडवणारा तो जानेवारी-फेब्रुवारीचा पाऊस या कुंडीलाही नको. कोरडा कंद आठ-नऊ अंशांची रात्र सहन करतो. ओला कंद त्याच रात्री खराब होतो. थंडीच्या लाटेचा इशारा आला तर चार दिवस कुंडी जिन्यात किंवा घरात घ्या. उजेड नसला तरी चालेल, त्या वेळी पान नसतंच. फक्त जागा उबदार आहे म्हणून फ्रिजमागे किंवा गिझरखाली ठेवू नका. तिथे ऊब मिळून कंद अवेळी कोंब काढतो आणि तो कोंब फेब्रुवारीच्या कोरड्या हवेत मरतो.

मार्च ते मे हा काळ तुम्हाला वाटतो तितका धोक्याचा नाही. चाळीस अंश या कंदाला मारत नाहीत. गच्चीचा स्लॅब मात्र मारू शकतो, कारण दुपारी तो तव्यासारखा तापतो आणि ती धग कुंडीच्या तळातून मुळांना लागते. कुंडी दोन विटांवर ठेवा, खालून हवा खेळू द्या, आणि दुपारचं ऊन लागणार नाही अशा कोपऱ्यात न्या. या तीन महिन्यांत महिन्याला एकदा अर्धा मग पाणी पुरे. तेही अशासाठी की ती मांसल मुळं पार वाळून जाऊ नयेत. कंद काढून टोपलीत कोरडा ठेवायची पद्धत ग्लॅडिओलसला ठीक आहे, इथे नको.

मग रोहिणी-मृगाच्या सुमाराला वळिवाचा पहिला चांगला पाऊस झाला की कुंडी उघड्यावर आणा. पाऊस लांबला तर जूनच्या पहिल्या आठवड्यात एकदा कुंडी तळातून पाणी निघेपर्यंत भिजवा आणि मग कोंब दिसेपर्यंत थांबा. रोज थोडं थोडं पाणी शिंपडण्यापेक्षा हा एक दणका उपयोगी पडतो.

माती आणि कुंडी याबद्दल थोडक्यात. आपली काळी माती शेतात सोनं आहे, कुंडीत नाही. भिजली की चिकटते, सुकली की आक्रसून कडेने फट पडते आणि दिलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं. त्र्यंबक-इगतपुरीकडची तांबडी माती दोन भाग, कुजलेल्या पालापाचोळ्याचं खत एक भाग, जाडी वाळू किंवा चाळलेला बारीक मुरूम एक भाग. कोकोपीट घालायचंच असेल तर मूठभर, कारण ते हिवाळ्यात ओल धरून ठेवतं. शेणखत चांगलं मुरलेलं हवं, कच्चं असेल तर त्यातली हुमणी, म्हणजे मातीतली अळी, मुळं खाते. कंद लावताना त्याची मान, म्हणजे वरचा निमुळता भाग, मातीच्या बरोबरीने किंवा किंचित वर दिसली पाहिजे. माती बदलताना दर वेळी वर थर पडून तुमचा कंद खोल गेलेला असायची बरीच शक्यता आहे. आत्ताच बोटाने वरची माती बाजूला सारून मान कुठे आहे ते बघा. दोन इंचांपेक्षा खाली असेल तर कंद न हलवता वरची माती तेवढी काढून घ्या. कुंडी दहा इंची असली तरी तीन-चार कंदांना खूप झाली. फार मोठी कुंडी म्हणजे न वापरलेली, सतत ओली राहणारी माती.

सावलीचा अंदाज लोकांचा हमखास चुकतो. जंगलातलं झाड म्हटलं की ते अंधाऱ्या कोपऱ्यात जातं. हिला सावली हवी, पण उजेडाची. सकाळी नऊ-साडेनऊपर्यंतचं ऊन अंगावर, नंतर दिवसभर ५० टक्क्यांच्या हिरव्या जाळीखाली. तुमच्या गच्चीवर जाळी दुहेरी असेल तर एक पदर काढा. ऊन जास्त झालं की पानावर फिकट, कागदासारखे डाग पडतात. उजेड कमी झाला की देठ फूटभर लांब होतात आणि पान एका बाजूला कलतं. बागेत जमिनीवर जागा असेल तर आंब्या-चिकूच्या पूर्वेकडची बाजू उत्तम, फक्त पाणी साचता कामा नये.

खताबद्दल फार डोकं लावू नका. कोंब निघाल्यावर मूठभर गांडूळखत, आणि जुलै ते ऑक्टोबर पंधरवड्याने १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला एक ग्रॅम. युरिया नको, पानंच पानं होतील, आणि ती तक्रार तुमची आधीच आहे. घरात कोणाची द्राक्षबाग असेल आणि ००:५२:३४ या स्फुरद-पालाशच्या खताची पिशवी पडून असेल तर सप्टेंबरमध्ये एक-दोनदा लिटरला अर्धा-एक ग्रॅम द्यायला हरकत नाही. पानं पिवळी पडू लागली की खताचा डबा बंद.

फूल येईल तेव्हा ओळखायचं कसं? कोंब दोन तऱ्हेचे असतात. पानाचा कोंब गुंडाळलेला, टोकदार, आणि उलगडताना त्यावरच्या शिरा वळ उठल्यासारख्या दिसतात. पूर्ण उघडलेल्या पानावर बोट फिरवलंत तर देठापासून टोकापर्यंत कमानीसारख्या गेलेल्या पन्हळी बोटाला लागतात. पान जवळजवळ गोल, बुडाशी हृदयासारखं खाचलेलं, तळहातापेक्षा मोठं. फुलदांडा मात्र भरीव, गुळगुळीत, आणि टोकाला पातळ पापुद्र्यात बांधलेली गाठोडी. तो पापुद्रा फाटला की आतल्या कळ्या सुट्या होतात, आणि रोज एक-दोन अशा उमलत राहतात. त्यामुळे एक दांडा बरेच दिवस पुरतो. फूल पांढरंशुभ्र, सहा पाकळ्यांचं, गळ्याशी पिवळसर छटा. मध्ये बघा, पुंकेसरांची बुडं एकमेकांना जोडून एक छोटी दातेरी वाटी झालेली असते. दांडा दिसला की कुंडी फिरवू नका, उजेडाकडे वळलेला दांडा वाकडा होतो. आणि जोराच्या पावसात पाकळ्यांना डाग पडतात, तेवढे दिवस छपराखाली घ्या.

फुलं सुकल्यावर दांडा लगेच कापू नका, कारण पुढची गंमत तिथे आहे. काही फुलांच्या जागी गोट्यांएवढी हिरवी फळं धरतात. एखादं फळ नखाने सोलून बघा. आत काळं टणक बी सापडणार नाही. पातळ सालीच्या आत हिरवट, टणक, छोटासा कंदच असतो, एका बाजूला मुळाचं टोक घेऊन तयार. बी रुजण्याची सगळी क्रिया फळ दांड्यावर असतानाच उरकलेली असते, आणि जमिनीवर पडतो तो थेट पिल्लू कंद. ओल्या जंगलात बी वाळवून ठेवण्यात काही शहाणपणा नसतो, पडल्या पडल्या मूळ धरणाऱ्याचाच निभाव लागतो. ऑस्ट्रेलियातल्या कॅलोस्टेमा या तिच्या जवळच्या नातलगातही हीच रीत आहे. ही फळं भाजीच्या बियांसारखी उन्हात वाळवून कागदात बांधून ठेवलीत तर मेली. दांडा पिवळा पडून फळं हाताला सहज सुटू लागली की त्याच दिवशी ओल्या मातीवर ठेवा, अर्धी आत अर्धी बाहेर, सावलीत. पहिल्या वर्षी एक छोटं पान येईल आणि हिवाळ्यात जाईल. मेलं समजून माती फेकू नका. फूल यायला तीन-चार वर्षं धरा. घाई असेल तर मोठ्या कंदाची पिल्लं वेगळी करून लावलेली बरी, पण ती कुंडी गच्च भरल्यावर.

किडींत मी फक्त दोघांना घाबरतो. पहिली लिलीवरची अळी. काळ्या अंगावर पांढरे-पिवळसर ठिपके किंवा पट्टे, पावसाळ्यात येते, पानाच्या खालच्या बाजूला घोळक्याने असते आणि दोन रात्रींत पानाची चाळण करते. कधी देठातून खाली कंदाच्या मानेपर्यंत पोचते, मग मात्र कंद वाचवणं अवघड होतं. तुमच्याकडे किंवा शेजारी स्पायडर लिली, नागदवणा, अमरिलिस असेल तर ती आधी तिथे दिसेल. जुलै-ऑगस्टमध्ये एक दिवसाआड पानं उलटून बघणं हाच उपाय, आणि दिसली की हाताने वेचून साबणाच्या पाण्यात. पिल्लं लहान असताना लिटरला पाच मिलि कडुनिंबाचं तेल, थोडा द्रव साबण घालून, संध्याकाळी फवारलं तर आटोक्यात राहतात; मोठी झाल्यावर तेलाला जुमानत नाहीत. दुसऱ्या म्हणजे गोगलगायी. त्या गच्चीवर चढतात का असं विचारू नका, नर्सरीतून आणलेल्या कुंड्यांच्या तळाशी बसून येतात. रात्री बॅटरी घेऊन फिरा, सापडतील. पिठ्या ढेकूण कधी देठांच्या बेचक्यात दिसला तर ओल्या फडक्याने पुसून काढा, त्यासाठी औषध नको.

एक शंका मात्र फेडून घ्यायला हवी. तुमचं झाड कार्डवेल लिलीच आहे ना? नर्सऱ्यांत तिच्या नावाखाली युकॅरिस, म्हणजे अ‍ॅमेझॉन लिली, सर्रास दिली जाते. फुलं दोघींची पांढरी आणि लांबून सारखी. युकॅरिस दक्षिण अमेरिकेची, ती सदाहरित, तिला पूर्ण कोरडी झोप मानवत नाही. तिचं पान लांबट, टोकाला निमुळतं, फुलं खाली मान घातलेली. तुमच्या कुंडीतलं पान रुंदीला जवळजवळ लांबीइतकं, बुडाशी खाचलेलं आणि पन्हळीदार असेल तर वर लिहिलेलं सगळं लागू. पान लांबट, टोकाला निमुळतं असेल तर हिवाळ्यात पाणी तोडू नका, बेताने चालू ठेवा, आणि मला पानाचा फोटो पाठवा, मग वेगळं सांगतो.

राहिली नणंद. तिच्याकडून कंद मागवू नका. सामानातून कंद, बिया, माती आणणं हा आपल्याकडे नियमभंग आहे. २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार आयात परवाना आणि तिकडचं आरोग्य प्रमाणपत्र लागतं, आणि ऑस्ट्रेलियाचे स्वतःच्या देशी वनस्पती बाहेर नेण्याबाबतचे नियमही कडक आहेत. नणंदेला विमानतळावर उभं करण्यात अर्थ नाही. आणि समजा सगळं रीतसर झालं तरी तिकडचा कंद जानेवारीत ऐन बहरात, पानांवर असणार. इथे तो आपल्या थंडीत उतरणार. दोन्हीकडचे ऋतू उलटे, त्याला लय सापडायला पूर्ण वर्ष जाईल, तोही जगला तर. तिच्या गावच्या नावाची एक ब्रिस्बेन लिली आहे, प्रॉइफिस कनिंगहॅमिआय, हिचीच धाकटी बहीण, पान लहान आणि थंडी थोडी जास्त सोसणारी. नणंदेला म्हणावं तिचे फोटो तेवढे घेऊन ये. इथे आणखी कंद हवेच असतील तर कोकण, मुंबई, केरळ इथल्या हौशी लोकांकडे पुष्कळ आहेत, मावशीकडे तर आहेतच. एप्रिल-मेमध्ये मागवा.

गच्चीवर ऑस्ट्रेलियाचंच काही पांढरं, कमी नखऱ्याचं हवं असेल तर तिकडची दलदलीतली क्रायनम लिली बघा, क्रायनम पेडन्क्युलेटम. आपल्या नागदवण्याची सख्खी नातलग, इतकी की काही जण तिला त्याच जातीत धरतात. ऊन, पाणी, दुर्लक्ष सगळं सोसते. पण मोठी होते, अर्ध्या पिंपाएवढी जागा लागते.

तर आत्ता या आठवड्यात एवढंच करा: ड्रिपरला बूच, कंदाची मान तपासणं, उरलेली हिरवी पानं न कापता कुंडी पूर्वेच्या उन्हात ठेवणं, आणि पाणी आठवड्याला एकदा, तेही माती बघून. येत्या पावसाळ्यात फुलाची फार आशा धरू नका, मुळं दिवाळीतच तुटलेली आहेत. त्या हंगामात पानं किती रुंद होतात आणि पुढच्या डिसेंबरपर्यंत किती टिकतात ते बघा. ती टिकली तर त्यानंतरच्या जूनमध्ये दांडा यायला हवा. तोही आला नाही तर एक कंद न उकरता, नुसता मानेपाशी चिमटीत धरून किती जाड आणि टणक लागतो ते मला कळवा, मग पुढचं ठरवू.